रंग लागण्याआधीचा बंपर

भोसरीच्या एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शेडमध्ये ऑफ-रोडच्या गाडीसाठी बंपर करून घ्यायला येणारा माणूस आल्या आल्या जाडी सांगतो. "काका, दहा एमएमची प्लेट टाका. काहीही झालं तरी वाकला नाही पाहिजे." मिस्त्री लगेच हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. खडूचा तुकडा उचलतात आणि समोरच्या लोखंडी टेबलावरच हिशेब मांडतात. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. दीड मीटर लांब आणि पाव मीटर उंच अशी नुसती समोरची पट्टी दहा एमएममध्ये केली तर साडेएकोणतीस किलो होते. त्यावर वरचा पत्रा, खालचा पत्रा, कोपरे, विंचची बैठक आणि शेवटी विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र. तीच पट्टी चार एमएममध्ये पावणेबारा किलोत बसते. "आता तुम्हीच सांगा दादा, वरचे साडेसतरा किलो कशासाठी नाकावर घेऊन फिरायचं?"

समोरचा माणूस हमखास सांगतो, ताकदीसाठी. मिस्त्री त्याला गाडीखाली बोलावतात.

या खेपेची गाडी होती मारुती जिप्सी किंग. पोलीस आणि लष्कराच्या ताफ्यांतून सगळ्या देशाला ओळखीची झालेली ही गाडी १९८५ च्या अखेरीस बाजारात आली. उत्पादन थांबून आता काही वर्षं झाली, तरी चिखलातल्या स्पर्धांमध्ये तिला मान आहे. कारण साधं आहे. सॉफ्ट टॉप जिप्सीचं वजन हजार किलोच्या आतबाहेर, इंजिन तेराशे सीसीचं, खाली शिडीसारखी चॅसी, पुढे-मागे सरळ धुरा आणि पाटे. बिघडलं तर रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त होतं. पण जी गाडी हलकी म्हणून चिखलावरून निघून जाते, तिच्याच नाकावर मालक शंभर किलो लोखंड टांगायला निघतात. मिस्त्रींना सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं.

टेबलावरचा दुसरा हिशेब त्याचाच असतो. जिप्सीचा व्हीलबेस २,३७५ मिलिमीटर. बंपर आणि विंच मिळून ६० किलो भरले आणि त्यांचा भार पुढच्या धुरेच्या ६०० मिलिमीटर पुढे लटकला, तर पुढच्या पाट्यांवर ६० किलो येत नाहीत, ७५ किलो येतात. वरचे पंधरा येतात कुठून? मागच्या चाकांवरून. पुढची धुरा टेकू बनते, नाकावरचं वजन गाडीचं शेपूट उचलतं आणि मागची चाकं तेवढी हलकी होतात. ओल्या चढावर मागच्या चाकांना पकड लागते, नेमकी तेव्हाच ती कमी पडते. म्हणून वजन कमी करण्याइतकंच ते मागे ढकलणंही महत्त्वाचं. विंच शंभर मिलिमीटर मागे, रेडिएटरच्या जवळ सरकवता आला तर एकही किलो न छाटता फरक पडतो. मग हवेची वाट अडते का, हे बघावं लागतं. विंचचं ड्रम आणि मोटर रेडिएटरच्या तोंडासमोर आली की जुलैच्या पावसातही पहिल्या गिअरमध्ये, जागच्या जागी घरघरणाऱ्या इंजिनाचा काटा वर चढतो. त्यामुळे विंच मागे घ्यायचा, पण खाली बसवायचा. आणि खाली घेताना गाडीच्या पुढच्या चढाईचा कोन बिघडू द्यायचा नाही. बंपरचं सगळं डिझाइन या ओढाताणीत घडतं. कागदावर ते सुंदर दिसतं की नाही, हा त्याच्या नंतरचा प्रश्न.

चढाईचा कोन म्हणजे पुढच्या टायरच्या खालच्या कडेपासून बंपरच्या सर्वांत खालच्या, सर्वांत पुढच्या टोकापर्यंत ओढलेल्या रेषेने जमिनीशी केलेला कोन. तो मोठा असेल तर दगडाला आधी टायर भिडतो आणि चढतो. लहान असेल तर आधी बंपर भिडतो आणि गाडी तिथेच अडते. म्हणून स्पर्धेच्या गाडीचा बंपर आखूड करतात. मधला भाग चॅसीच्या दोन टोकांपुरता, आणि टायरसमोर मोकळी जागा. मालकाला मात्र रुंद, कडेपर्यंत जाणारा, भारदस्त बंपर हवा असतो. या गाडीच्या बाबतीत तोडगा असा निघाला: मधला भाग पक्का आणि दोन्ही कडांचे पंख वेगळे, बोल्टवर बसणारे. स्पर्धेत ते काढायचे. एखादा दगडावर आपटून वाकला तर तेवढाच बदलायचा.

गाडीखाली मिस्त्री टॉर्च मारून दाखवतात ते पाट्याचं पुढचं टोक. बऱ्याच गाड्यांत पुढच्या पाट्याचं झुलतं टोक, म्हणजे शॅकल, धुरेच्या मागे असतं. जिप्सीत ते पुढे आहे, बंपरच्या अगदी लगत. चाक खड्ड्यातून वर उचललं गेलं की पाटा सपाट होतो, सपाट झाला की लांब होतो, आणि ती लांबी शॅकलला पुढे ढकलते. गाडी शेडमध्ये सपाट जमिनीवर उभी असताना बंपरच्या आतल्या बाजूला दोन बोटं जागा दिसते. तीच गाडी एका चाकावर दबली की जागा संपते आणि शॅकल बंपरच्या कंसावर आदळतो. म्हणून माप घेण्याआधी जॅक लावून एकेक चाक पूर्ण दाबून बघायचं आणि शॅकल जिथवर येतो तिथे खडूने खूण करायची. यूट्यूबवर पाहून बंपर करणारी मुलं हुशार असतात, वेल्डिंगही देखणं करतात; पण ही खूण बहुतेकांच्या चॅसीवर दिसत नाही.

मग पुठ्ठा. फ्रिजच्या खोक्याचा जाड, दोन थरांचा. लेझर कटिंगच्या जमान्यात पुठ्ठा कशाला, असं कुणालाही वाटेल. शेजारच्याच गल्लीत ड्रॉइंग दिलं की प्लेट कापून, वाकवून, क्रमांक घालून मिळते. मिस्त्री तेही करून घेतात, पण पुठ्ठ्यानंतर. कारण वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या गाडीची दोन्ही चॅसी-टोकं एकसारखी राहिलेली नसतात. कधी तरी कुठे तरी धक्का लागलेला असतो, आणि एक टोक चार-पाच मिलिमीटर आत किंवा खाली असतं. संगणकावरचं ड्रॉइंग सममित असतं, गाडी नसते. पुठ्ठा गाडीवर धरून कापला, चिकटपट्टीने जोडला, बॉनेट उघडून-मिटून पाहिलं, चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं, की मग त्याची मापं कागदावर जातात. पुठ्ठ्याचा बंपर गाडीवर बसलेला असतो तेव्हा मालकाला फोटो काढू दिला जातो. त्याच वेळी तो लांबी, कोन, दिव्यांची भोकं याबद्दल मनातलं सगळं बोलून टाकतो. नंतर लोखंडात बदल करणं महाग पडतं.

पत्रा आयएस २०६२ चा, ई-२५० प्रतीचा. साध्या बांधकामाचं पोलाद. २५० मेगापास्कलपर्यंत ताण घेतं आणि मग वाकायला लागतं. त्याचा गुण हाच की ते तुटण्याआधी भरपूर वाकतं आणि वेल्डिंगला नखरे करत नाही. समोरची पट्टी चार एमएमची, पण सपाट नाही. वरची आणि खालची कड ब्रेक-प्रेसवर चाळीस मिलिमीटर आत दुमडलेली. सपाट पत्रा दुप्पट जाड केला तर त्याचा ताठपणा आठपट होतो आणि वजन दुप्पट. कड दुमडली की वजनात किरकोळ भर पडते आणि ताठपणा त्याहून कितीतरी पटींनी वाढतो. बसचे बॉडीबिल्डर, पत्र्याच्या कोठ्या बनवणारे, लोखंडी कपाटवाले हे पिढ्यानपिढ्या वापरत आले आहेत. ऑफ-रोडच्या दुनियेत मात्र अजून जाडीचाच बोलबाला.

आणि खरं सांगायचं तर समोरचा पत्रा हा सदरा. अंग आत असतं. बंपर कशाने धरला आहे, यावर सगळं. या कामात दोन आठ एमएमच्या प्लेटा चॅसीच्या दोन्ही टोकांच्या बाहेरून मागे जातात आणि प्रत्येक बाजूला चार बोल्टनी बसतात. दोन्ही प्लेटांना जोडणारी सहा एमएमची आडवी बैठक, तिच्यावर विंच. दोन्ही प्लेटांनाच जोडलेले वीस एमएमचे दोन कान, जे समोरच्या पत्र्याला पाडलेल्या खाचेतून बाहेर येतात. गाडी ओढायचा पट्टा ज्याला जोडतात तो डी-शॅकल याच कानांत अडकतो. गाडी कुठूनही ओढली तरी बळ कानातून प्लेटेत, प्लेटेतून बोल्टांत आणि बोल्टांतून चॅसीत जातं. समोरच्या पत्र्याला त्याची खबरही लागत नाही. उद्या तो पत्रा ग्राइंडरने कापून फेकला तरी विंच आणि कान जागचे हलणार नाहीत. बाजारात मिळणाऱ्या काही बंपरांत हेच उलटं असतं. पत्रा दहा एमएमचा, भरभक्कम, आणि ओढायचा कान त्याच पत्र्याच्या तोंडावर बाहेरून चिकटवलेला. त्या वेल्डवर माणसांचा जीव टांगलेला असतो. ताणलेल्या पट्ट्याला अडकलेला लोखंडी शॅकल कानासकट सुटला तर तो काचेतून आत येतो. अशा अपघातांत माणसं दगावली आहेत.

बळ किती असतं, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. या गाडीवर बसवायचा विंच ९,५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४,३०० किलोंचा. हे बळ ड्रमवर दोराचा एकच थर असताना मिळतं. थर वाढत गेले की कमी होतं. खोल रुतलेल्या गाडीला तेवढंही पुरत नाही, तेव्हा दोर समोरच्या झाडाला बांधलेल्या कप्पीतून फिरवून परत आपल्याच बंपरच्या कानाला अडकवतात. आता विंचवर ४,३०० आणि कानावर ४,३००, मिळून चॅसीवर साडेआठ टनांपर्यंत ओढ येऊ शकते. हजार किलोची गाडी, आणि तिच्या दोन टोकांवर साडेआठ टन. हा आकडा टेबलावर लिहिला की जाडीबद्दलची चर्चा आपोआप थांबते आणि मालक बोल्टांबद्दल विचारू लागतो.

बोल्टांबद्दल मिस्त्री फार काटेकोर. एम-१२, डोक्यावर ८.८ कोरलेला. पहिल्या आठाचा अर्थ तुटेपर्यंत ८०० मेगापास्कल, आणि दुसऱ्या आठाचा अर्थ त्याच्या ८० टक्के ताणाला, म्हणजे ६४० ला, तो कायमचा लांबायला लागतो. ज्याच्या डोक्यावर काहीच कोरलेलं नाही त्याचा भरवसा नाही, तो शेडच्या दाराला लावायचा. शिवाय जिप्सीची चॅसी म्हणजे पोकळ चौकोनी नळी. आरपार बोल्ट घालून आवळला की नळीच्या भिंती आत दबतात. आवळणाऱ्याला वाटतं बोल्ट घट्ट झाला, प्रत्यक्षात चॅसी चेपत असते. काही महिन्यांनी धातू सैलावतो आणि बंपर खडखडू लागतो. त्यावर उपाय म्हणजे चॅसीच्या आत, भोकाशी भोक जुळवून, जाड भिंतीच्या नळीचा तुकडा बसवायचा. मग बोल्टचा दाब त्या तुकड्यावर येतो, भिंतींवर नाही. हे काम वेळखाऊ आहे, बाहेरून दिसत नाही, आणि त्याचे पैसे मागितले की मालक कुरकुरतो. तरीही ते केल्याशिवाय या शेडमधून गाडी जात नाही.

वेल्डिंगच्या दिवशी पहिलं काम बॅटरीच्या तारा सोडण्याचं. या जिप्सी किंगच्या इंजिनाला इलेक्ट्रॉनिक मेंदू आहे आणि वेल्डिंगचा करंट त्याला मानवत नाही. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळात जवळ. मग टाके. प्लेटा गाडीवर बोल्टनी बसवलेल्या असतानाच सगळे तुकडे टाक्यांवर जोडायचे, आणि मगच पूर्ण सांगाडा खाली उतरवायचा.

इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. वेल्ड थंड होताना आकसतो आणि दोन्ही बाजूंचं लोखंड आपल्याकडे ओढतो. दोन प्लेटांमधली आडवी बैठक एका दमात, एकाच बाजूने वेल्ड केली तर प्लेटांची मागची टोकं तीन-चार मिलिमीटर आत येतात. शेडमध्ये टेबलावर देखणा दिसणारा बंपर मग चॅसीवर चढत नाही. बोल्टची भोकं जुळत नाहीत, आणि घाईतला कारागीर भोकं कानस मारून लांबट करतो. लांबट भोकात बोल्ट सरकतो, आणि सरकणारा बोल्ट कापला जातो. हे टाळायला मिस्त्री दोन्ही प्लेटांच्या मध्ये, भोकाला भोक लावून, एक सरळ जाड चॅनेल बोल्टनी बसवतात. हाताखालच्या मुलाला सांगतात, "बाळा, दोन इंच इकडं, मग दोन इंच पलीकडं. एका जागी बसून राहू नको." मुलगा एका कोपऱ्यात छोटा वेल्ड टाकतो, उठतो, तिरप्या विरुद्ध कोपऱ्यात जातो, तिथे टाकतो. मध्ये मध्ये गुण्या लावून बघतो. पूर्ण थंड होईपर्यंत चॅनेल सोडायचं नाही, पाणी ओतून थंड करायचं तर मुळीच नाही. दुपारी केलेलं काम संध्याकाळी सोडलं, तर बोल्ट बोटांनी फिरवत आत गेले. बोटांनी बोल्ट फिरणं हीच इथली परीक्षा.

वीस एमएमचा कान आठ एमएमच्या प्लेटेला जोडताना अडचण वेगळी. उष्णता जाड लोखंडात पसरून जाते, पातळ बाजू वितळते आणि जाड बाजूवर वेल्ड नुसता वर बसतो. दिसायला छान, धरायला काहीच नाही. म्हणून कानाच्या कडा आधी ग्राइंडरने तिरप्या करायच्या, गॅसच्या ज्योतीवर शेकून ओल घालवायची, करंट चढवायचा आणि आर्क जाड बाजूकडे कललेला ठेवायचा. एका वेल्डवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, मध्ये प्रत्येक वेळी वायर-ब्रश. नंतर तपासणी. साफ केलेल्या वेल्डवर लाल द्राव फवारायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुसून काढायचा, आणि वर पांढरी भुकटी फवारायची. केसाएवढी भेग असली तरी आत शिरलेला लाल रंग त्या पांढऱ्यावर उमटतो. कारखान्यात क्रेनच्या हुकांना जी चाचणी लावतात, तीच ही. दोन-तीन डब्यांचा खर्च. ऑफ-रोडचे बंपर बनवणाऱ्या प्रत्येक शेडने ती करावी, इतकी ती सोपी आणि स्वस्त आहे.

कडांच्या पंखांना वरून नळी आहे. ४० एनबीची, म्हणजे बाहेरून ४८.३ मिलिमीटर व्यासाची, ३.२ मिलिमीटर भिंतीची काळी पाइप. काळीच, कारण जस्त चढवलेल्या पाइपवर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डर लोक तो ताप अंगावर काढतात, दूध पितात. मिस्त्रींनी शेडमध्ये जीआय पाइपवर वेल्डिंग बंद करून टाकलं आहे.

याच सुमारास एक तरुण नवी थार घेऊन आला. २०२० नंतरची, रोज ऑफिसला नेतो ती. त्यालाही जिप्सीसारखाच बंपर हवा होता. घाटात कुत्रं, म्हैस आडवी येते म्हणून. मिस्त्रींनी काम घेतलं नाही, आणि का घेतलं नाही ते समजावून सांगितलं. ते इथे सविस्तर लिहायला हवं, कारण रस्त्यावर असे बंपर सर्रास दिसतात.

पहिलं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र लिहून क्रॅश गार्ड आणि बुलबार याच कलमाचा भंग ठरतात, त्यांच्यावर कारवाई करा, असं कळवलं. दुसरं कारण लोखंडाचं आहे आणि ते जास्त महत्त्वाचं. त्या थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत चार तारे मिळाले, ते तिच्या मूळ नाकासकट. धडकेत ते नाक चुरगळतं, चुरगळताना वेळ मिळवून देतं आणि त्या वेळेच्या हिशेबाने एअरबॅग उघडते. त्याच्यापुढे ताठ लोखंड लावलं की धक्का थेट चॅसीत जातो. एअरबॅग कधी उघडणार, उघडणार की नाही, याची खात्री मग कुणीच देऊ शकत नाही. आणि समोर म्हशीऐवजी सायकलवरची शाळकरी मुलगी असेल तर? प्लास्टिकचा बंपर निदान दबतो. युरोपीय संघाने पादचाऱ्यांचा विचार करून असल्या पुढच्या गार्डांवर २००५ मध्येच नियम केले. ऑस्ट्रेलियात संध्याकाळी रस्त्यावर उड्या मारत येणारे कांगारू ही खरीखुरी अडचण आहे. मेलबर्नची एआरबी ही कंपनी १९७५ पासून तिथे बुलबार बनवते आहे. पण तिथेही बुलबारसाठी स्वतंत्र मानक आहे आणि एअरबॅगशी जुळणारा कंस प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा तपासला जातो. भोसरीच्या शेडमध्ये गाडी धडकवून बघण्याची सोय नाही. "जे मी तपासू शकत नाही ते तुमच्या रोजच्या गाडीला लावणार नाही," एवढं मिस्त्री म्हणाले. तरुण नाराज होऊन गेला. गिऱ्हाईक गेलं, याची मिस्त्रींना हळहळ वाटली नाही.

जिप्सी मात्र स्पर्धेची. ती ट्रेलरवर चढून जाते, ट्रेलरवरूनच परत येते. रस्त्यावर न्यायची तर तिचा मूळ बंपर जपून ठेवलेला आहे.

रंगाआधी शेवटची कामं. बंद खोक्यासारख्या प्रत्येक भागाला तळाशी भोक, नाहीतर गोव्यातल्या स्पर्धेचा तांबडा चिखल आत साचतो आणि वर्षभरात आतून पत्रा खातो. डी-शॅकलच्या भोकाच्या कडा गोल घासलेल्या, म्हणजे दोरखंडी शॅकल वापरला तरी तो कापला जाणार नाही. विंचवर पोलादी दोराऐवजी सिंथेटिक दोर. वजन बरंच कमी होतं आणि तुटला तर पोलादी दोरासारखा उसळून येत नाही. त्याच्या जोडीला रोलरऐवजी ॲल्युमिनियमची गुळगुळीत वाट. मग वाळूचा मारा, झिंक प्रायमर आणि पावडर कोटिंग. भट्टीत १८०-२०० अंशांवर पावडर वितळून कातडीसारखी बसते. चॅसीला भिडणाऱ्या पृष्ठभागांवर मात्र पट्टी चिकटवून ते कोरे ठेवायचे. तिथे रंगाचा थर राहिला तर तो हळूहळू दबतो आणि बोल्ट ढिले पडतात. शेवटी टॉर्क-रेंचने ऐंशी न्यूटन-मीटरवर आवळून प्रत्येक नटावरून चॅसीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ. नट किंचित जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय आवृत्ती भरू लागली आणि तिने इथल्या फॅब्रिकेटर लोकांना बरंच शिकवलं. मूळ स्पर्धा मलेशियाची, १९९७ ची. ऐन पावसाळ्यात, जंगलात, ओढ्यांत आणि घसरड्या चढांवर गाड्या अर्ध्या वेळा इंजिनावर नाही तर विंचवर पुढे सरकतात. सहचालक गुडघाभर चिखलातून दोर खांद्यावर घेऊन झाडापर्यंत धावतो, पट्टा बांधतो, हात वर करतो. तिथे बंपर हे गाडीचं दुसरं इंजिन होतं. पुण्या-मुंबईच्या, चंदीगडच्या, केरळच्या गाड्या एका रांगेत उभ्या राहिल्या की कुणाचा कान कुठे जोडला आहे हे एकमेकांच्या गाडीखाली वाकून बघितलं जातं. आखूड बंपर, खाली बसवलेला विंच, चॅसीत शिरलेले कान या गोष्टी मराठी मुलखातल्या शेडमध्ये अशाच वाकून बघण्यातून आल्या.

पावसाळा संपल्यावर जिप्सी तपासणीला आली. डाव्या पंखाचा पत्रा दगडावर बसून आत गेलेला, पाइप शाबूत. पंख सोडवला, नवा कापायला दिला. कानांभोवतीचा रंग घासून लाल द्रावाची चाचणी पुन्हा केली, दोन्ही कान स्वच्छ निघाले. आठही नटांवरच्या पांढऱ्या रेघा सलग होत्या.

असा बंपर करून घ्यायचा असेल तर एक विनंती. गाडी फक्त स्पर्धेची असेल तरच करून घ्या, आणि पावडर कोटिंगला जाण्याआधी एकदा शेडमध्ये जा. काळा, दाणेदार रंग चढला की चांगला वेल्ड आणि वाईट वेल्ड सारखेच दिसतात. कोरं लोखंड समोर असताना कान कशाला जोडलाय ते विचारा, बोल्टांच्या डोक्यावरचे आकडे वाचा, चॅसीतला नळीचा तुकडा दाखवायला सांगा. जो कारागीर हे आनंदाने दाखवतो त्याला त्याचे पूर्ण पैसे द्या, घासाघीस करू नका.